चालणारं यंत्र, संपलेली मुदत

जुन्या लॅपटॉपचं काय करायचं, या प्रश्नावर आमच्या घरात दोन माणसं समोरासमोर आली. माझा थोरला भाऊ चंदीगडच्या सेक्टर 30 मधल्या सीएसआयओतून, म्हणजे केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेतून, निवृत्त झाला. ही संस्था 1959 मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि 1962 मध्ये चंदीगडला आली. तेजस विमानाच्या वैमानिकासमोर असतो तो हेड-अप डिस्प्ले तिथलाच. दादाचं सारं आयुष्य उपकरणांची दुरुस्ती आणि कॅलिब्रेशन यात गेलं. माझी मुलगी मोहालीला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी मामाकडे जेवायला जाते.

दादाचा लॅपटॉप 2014 चा. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 500 जीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज 10. दुरुस्तीत हयात घालवलेला माणूस जुनं जपा म्हणेल आणि पंचविशीतली मुलगी नवं घ्या म्हणेल, असं मी धरून चालले होते. घडलं उलट. मला दोघांचंही पटतं, पण सारखंच पटत नाही. ते कुठे, हे ओघात येईलच.

मामा : माझं ठरलंय. नवा घ्यायचा. याला उघडायला लागतो तेवढ्या वेळात मी हिशेब वहीत लिहून मोकळा होतो.

भाची : मामा, आधी टास्क मॅनेजर बघा. प्रोसेसर पंधरा टक्के, डिस्क शंभर टक्के. प्रोसेसर रिकामा बसलाय, डिस्ककडून काही येईल याची वाट बघत. अडचण एका भागात आहे आणि तुम्ही अख्खं यंत्र टाकायला निघालात. तिथे एसएसडी बसवूया.

मामा : शंभर टक्के हे लक्षण झालं. कारण सांग.

भाची : तुमची डिस्क मिनिटाला 5400 फेरे घेते. एका फेऱ्याला अकरा मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे साडेपाच. त्याआधी हेड योग्य वर्तुळावर न्यायचं, त्याला दहा-बारा. एक लहानसा तुकडा वाचायला सोळा-सतरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला साठेक तुकडे. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे वेगवेगळ्या जागांवरून गोळा करावे लागतात. एसएसडीत फिरणारं, सरकणारं काहीच नाही. तोच तुकडा एका मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहून लवकर हाती येतो.

मामा : आणि दुकानदार पाचपट वेग म्हणतात तो कुठला?

भाची : तो सलग वाचण्याचा. मोठा व्हिडिओ एका दमात वाचायचा तर तुमची डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी देईल आणि साटा जोडणीची एसएसडी साडेपाचशे. पण तुमचं रोजचं काम तुकड्यातुकड्यांचं आहे. तिथला फरक पाचपट नाही, शेकडो पट आहे. तोच तर जाणवतो.

इथे दादा उठून बसला. त्याला आकडे दिले की तो ऐकतो. 1956 मध्ये आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली, दोन फुटी पन्नास तबकड्यांची. तिच्यात पन्नास लाख अक्षरं मावत आणि हवं ते शोधायला सुमारे 600 मिलिसेकंद लागत. दादाने तिथल्या तिथे मांडणी केली. तेव्हापासून या लॅपटॉपच्या डिस्कपर्यंत साठवण वाढली लाख पटींनी, पण शोधण्याचा वेळ घटला अवघा पस्तीस पट. कोठार फुगत गेलं, दार तेवढंच राहिलं. हा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो. जुना संगणक ‘म्हातारा’ झाला असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा या दाराशी लागलेली रांग आपल्याला दिसत असते. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी 1987 मध्ये नँड फ्लॅश मेमरी मांडली आणि त्या फिरत्या दाराची गरजच संपवली. ती सामान्य माणसाला परवडायला मात्र आणखी वीस-पंचवीस वर्षं गेली.

मामा : हार्डवेअरचं मान्य. आमच्या या मशीनचं साटा कितीचं?

भाची : सहा गिगाबिटचं. 2009-10 चं मशीन असतं तर बहुधा तीन गिगाबिटचं निघालं असतं आणि सलग वेग 280 च्या आसपास अडला असता. पण तुकड्यांचा फायदा तिथेही मिळतोच. एनव्हीएमई या आणखी वेगवान ड्राइव्हच्या मागे लागायचं नाही, या बोर्डावर एम.2 ची जागाच नाही. अडीच इंची, सात मिलिमीटर जाडीची साधी साटा ड्राइव्ह घ्यायची. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटरची असेल तर कडेला पट्टी लावावी लागते, एवढंच. रॅमही चारची आठ करू.

मामा : आणि ती टिकणार किती? फ्लॅश लिहून लिहून झिजते म्हणतात.

भाची : झिजते. 240 जीबीच्या साध्या ड्राइव्हवर 80 टेराबाइट लिहिण्याची हमी असते. रोज वीस जीबी लिहिलंत, आणि तेवढं तुम्ही लिहीत नाही, तरी चार हजार दिवस. अकरा वर्षं होतात.

मामा : झिजून मरेल तेव्हा मरेल. अचानक मेली तर? फिरती डिस्क आधी खरखरते, टकटक करते, कानाला कळतं. तुझी ही एसएसडी कंट्रोलर गेला की एका क्षणात मुकी. आतलं बाहेर काढणंही अवघड.

भाची : म्हणून बॅकअप. पण तो फिरत्या डिस्कलाही हवाच होता, मामा. तुमची अकरा वर्षं जुनी डिस्क बॅकअपशिवाय चाललीय हे नशीब आहे.

मामा : बरोबर आहे तुझं. ते आजच करू. पण आता माझं ऐक. आमच्याकडे इस्पितळांतून उपकरणं यायची. काही मोडकी, काही अगदी ठणठणीत. ठणठणीत असून त्यातलं एखादं आम्ही परत वापरायला देत नसू. कॅलिब्रेशनची मुदत संपलेली आणि ते करून द्यायला कुणी उरलेलं नाही, असं ते असायचं. यंत्र चुकीचं दाखवतंय म्हणून आम्ही ते अडवत नव्हतो. ते बरोबर दाखवतंय याची जबाबदारी घ्यायला मागे कुणी नाही, म्हणून अडवत होतो. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट घेतले तर घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. तुझी एसएसडी ती तारीख एक दिवस तरी पुढे ढकलते का?

भाची : नाही ढकलत. पण ती तारीख कंपनीने ठरवलेली आहे. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप हवी, इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा हवा, हे कागदावरचे नियम. तुमचा प्रोसेसर काल जेवढं काम करत होता तेवढंच आज करतो. नियमाला वळसा घालून विंडोज 11 चढवताही येतं.

मामा : येतं. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. म्हणजे मुदत संपलेल्या उपकरणावर नवा कागद चिकटवल्यासारखं झालं. अन्याय आहे, हे मला मान्य. दहा वर्षांचं चांगलं यंत्र असं बाद ठरवणं वाईटच. पण अन्याय आहे म्हणून धोका कमी होत नाही.

भाची : जुनं सिलिकॉन म्हणजे निकामी सिलिकॉन नव्हे, हे तुम्हाला मी काय सांगू? मोहालीच्या सेक्टर 72 मध्ये सेमीकंडक्टर लॅबोरेटरी, म्हणजे एससीएल, आहे. तिथे 180 नॅनोमीटरवर चिप बनतात. जगाने ते तंत्र नव्वदीच्या शेवटी गाठलं होतं. आणि इस्रोच्या रॉकेटसाठीचा विक्रम 3201 प्रोसेसर त्यावरच घडवला गेला, 2025 मध्ये.

मामा : एससीएलचं नाव काढलंस तर पुरतं काढ. ती 1984 मध्ये चिप बनवायला लागली. 7 फेब्रुवारी 1989 ला आग लागली आणि जवळजवळ सगळं जळालं. पुन्हा उभं राहायला वर्षं गेली. ज्या दिवसांत हा देश जगाच्या थोडाच मागे होता, त्याच दिवसांत हे झालं. ते या भागातल्या आम्हा उपकरणवाल्यांना अजून डाचतं. पण तुझ्या मुद्द्याला माझं उत्तर असं, की विक्रमच्या मागे माणसं उभी आहेत. ती चिप त्यांनी आखली, त्यांनी तपासली, उद्या दोष निघाला तर तेच निस्तरतील. जुनं असण्याला माझी हरकत नाही. अनाथ असण्याला आहे.

दादाच्या या वाक्यापाशी मी थांबले. एसएसडी बसवून लॅपटॉप ‘नवा झाला’ असं सर्रास म्हटलं जातं. तो नवा होत नाही, चपळ होतो. चपळ झाल्यावर माणूस त्याच्यावर जास्त विसंबतो, बँकेचं काम त्यावर करतो, आणि मागे कुणी नसल्याचं विसरतो. इथवर मी दादाच्या बाजूची होते. मुलीचा पुढचा मुद्दा आला आणि मी हलले.

भाची : अनाथ म्हणताय ना? मग ज्याच्या मागे माणसं आहेत अशी प्रणाली घालू. लिनक्स मिंट. फुकट आहे, सुरक्षा अपडेट नियमित येतात, चौथ्या पिढीच्या मशीनवर एसएसडी आणि आठ जीबी असेल तर मस्त चालते. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आहेच. मामा, 2022 या एका वर्षात जगात सहा कोटी वीस लाख टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेला तो 22.3 टक्के. हे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनीच 2024 मध्ये मांडलंय. लॅपटॉपमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो बनवतानाच होऊन गेलेला असतो, वापरताना नाही. म्हणजे तो जितकी जास्त वर्षं चालेल तितकं बरं. आणि खर्च? ड्राइव्ह आणि रॅम मिळून नव्याच्या किमतीचा दहावा हिस्सा, फार तर थोडा वर.

मामा : तो हिस्साही वाढतोय. 2025 च्या शेवटापासून मेमरी महागलीय. सगळा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे चाललाय. मायक्रॉनने तर क्रूशियल हा आपला घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

भाची : मग नवा लॅपटॉप स्वस्त होणार आहे का? त्यातही तीच मेमरी.

मामा : हे खरं. लिनक्सलाही माझा नकार नाही. अडचण वेगळी आहे. इकडे ये, हे फोल्डर बघ.

त्या फोल्डरमध्ये चंदीगडच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिका होत्या. लष्करात, हवाई दलात, पीजीआय रुग्णालयात, बँकांत बदलीवर आलेली मराठी कुटुंबं. काही दोन वर्षांत परत गेली, काही इथलीच झाली. त्यांचे लेख, त्यांच्या मुलांच्या कविता, गेलेल्यांवरच्या आठवणी. ते सगळं पेजमेकरमध्ये जुळवलेलं, सी-डॅकच्या आयएसएम या सॉफ्टवेअरवर टाइप केलेलं, ‘सुरेख’ नावाच्या फॉन्टमध्ये.

भाची : युनिकोडमध्ये नाही?

मामा : तेव्हा छापखाने युनिकोड घेत नव्हते. या फाइलींत ‘क’ म्हणून ‘क’ नाही. एका आकड्यापाशी ‘क’चं चित्र आहे. फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. आयएसएमला डोंगल लागतं, पेजमेकर लिनक्सवर सरळ चालत नाही. तुझी नवी प्रणाली या घरात आली की हे सगळं मुकं होणार.

भाची : कन्व्हर्टर आहेत. मजकूर युनिकोडमध्ये येईल.

मामा : वापरून बघितलेत. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली, रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. कन्व्हर्टर बरंचसं नीट लावतो, पण जोडाक्षर आलं की घसरतो. प्रत्येक पान मूळ पानाशेजारी ठेवून वाचावं लागेल. ज्यांचे लेख आहेत त्यांतली कितीतरी माणसं आता नाहीत. मी त्यांचं शुद्धलेखन बिघडवून पुढे देणार नाही.

माझ्या मते या साऱ्या वादाचं मर्म याच फोल्डरमध्ये होतं, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी मंडळांच्या, वाचनालयांच्या, छोट्या छापखान्यांच्या संगणकांत असंच काही पडून आहे. आपण एसएसडी की नवा लॅपटॉप, असं विचारतो. विचारायला हवं ते हे, की या यंत्राबरोबर असं काय जाणार आहे जे दुसऱ्या यंत्रावर उघडणार नाही? मराठीत ते पुष्कळ आहे. जवळपास दोन दशकांचा मराठी मजकूर अशा फॉन्टांत अडकलाय, आणि ज्या डिस्कवर तो आहे त्या डिस्क एकामागून एक मरताहेत. नवा लॅपटॉप घेऊन जुना भंगारात देणारा माणूस हे सगळं नकळत देऊन टाकतो.

भाची : मग तर हे मशीन जिवंत ठेवायलाच हवं! मामा, इंटरनेट तोडून टाकू याचं. वायफाय बंद, ब्रॉडबँडची तार नाही. विंडोज 10 तसंच, पेजमेकर तसंच, डोंगल तसंच. फक्त डिस्कच्या जागी एसएसडी. जोडलेलंच नाही, तर सुरक्षा अपडेट हवेत कशाला?

मामा : पेनड्राइव्ह लागेल ना फाइल बाहेर न्यायला?

भाची : लागेल. एकच ठेवा, फक्त याच कामाचा, आणि नव्या मशीनवर लावताना स्कॅन करून.

मामा : हं. आमच्याकडे अशा उपकरणाला चिठ्ठी लावत. ‘केवळ संदर्भासाठी, रुग्णासाठी नाही.’ ते कपाटात नसे, टेबलावर असे, रोज वापरात असे. पण रुग्णाजवळ जात नसे. असं असेल तर मी तयार आहे. पण बँक, पेन्शन, नोव्हेंबरातलं जीवन प्रमाण, मंडळाच्या देणगीदारांचे फोन नंबर, यांतलं काहीही याच्यावर नाही. माझ्या पैशाचा धोका मी घेईन, दुसऱ्यांच्या माहितीचा घेणार नाही.

भाची : त्यासाठी नवाच लॅपटॉप हवा असं नाही. ऑफिसांतून निघालेले आठव्या पिढीचे लॅपटॉप रीफर्बिश होऊन विकायला येतात. त्यांवर विंडोज 11 नियमात बसतं, एसएसडी आधीच असते, किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. बिल आणि वॉरंटी देणारं दुकान बघायचं.

दादाने यावर मान हलवली. होकार होता की नाही मला कळलं नाही, पण पुढचं बोलणं सेक्टर 20 च्या कॉम्प्युटर मार्केटमध्ये काय काय विचारायचं, यावर गेलं. ते मला सगळ्यात उपयोगाचं वाटलं, म्हणून देते.

मामा : सीलबंद खोकं, सीरियल नंबर बिलावर. नाव नसलेली, जास्त जीबी सांगणारी स्वस्त ड्राइव्ह नको. घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये चालू तास बघायचे. नवी म्हणून विकलेली आणि हजारो तास चाललेली निघते कधी कधी.

भाची : क्लोनिंग दुकानात नको, इथेच करू. पण आधी जुन्या डिस्कची प्रकृती बघायची. बॅड सेक्टर असतील तर क्लोनिंग मध्येच अडेल आणि डिस्कवर ताण येईल तो वेगळा. म्हणून स्मरणिका आणि फोटो आधी हाताने बाहेर काढायचे, क्लोनिंग त्यानंतर. आणखी एक, 500 जीबीवरून 480 जीबीवर क्लोन करताना नवी जागा लहान पडते. आत भरलेलं फक्त 170 असलं तरी आधी पार्टिशन आकसून घ्यावं लागतं, नाहीतर क्लोनझिला नकार देतं.

मामा : उघडताना बॅटरीची जोडणी आधी काढायची. थंडीत स्वेटर घालून बोर्डाला हात लावायचा नाही, आधी धातूला स्पर्श करायचा. आणि पंखा उघडाच असेल तर साफ करून घे. इथल्या मे-जूनच्या आंधीची धूळ त्यात बसलेली असणार. निम्मी गरमी तिचीच असते.

भाची : आणि मामा, एसएसडीत सगळं भरून कपाटात ठेवून दिलं, असं करायचं नाही. फ्लॅशमधला विद्युतभार हळूहळू गळतो. घरगुती एसएसडी हमीएवढी वापरून झाल्यावर वीज न देता 30 अंशांत ठेवली तर निदान एक वर्ष माहिती टिकावी, एवढीच अपेक्षा जेडेक या संस्थेच्या मानकात आहे. नवी जास्त टिकते, पण उष्णतेत ते कमी होतं, आणि चंदीगडच्या जूनमध्ये बंद कपाट तीस अंशांवर थांबत नाही. स्मरणिकांची एक प्रत वेगळ्या फिरत्या डिस्कवर, एक पीडीएफ करून आईकडे पुण्याला.

मामा : पीडीएफ हे उत्तम. फॉन्ट आत घालून कर, म्हणजे कुठेही उघडेल. युनिकोडचं काम मी रोज थोडं थोडं करेन, पान शेजारी ठेवून.

भाची : म्हणजे एसएसडी घ्यायची?

मामा : घ्यायची. या मशीनसाठी. आणि दुसरं, नियमात बसणारं, बाकीच्या कामांसाठी. तुझं म्हणणं अर्धं खरं होतं, माझंही तेवढंच.

मी मात्र अर्धं-अर्धं म्हणणार नाही. ज्याच्याकडे असं अडकलेलं काही नाही, फक्त ईमेल आणि लेखन आहे, त्याने 2012 नंतरच्या चांगल्या मशीनमध्ये एसएसडी घालावी, लिनक्स टाकावं आणि पैसे वाचवावेत. मुलीचं तिथे पूर्ण बरोबर आहे. ज्याला विंडोजच हवं आणि बँकेचं काम त्यावरच करायचं, त्याने दादाचं ऐकावं. आणि ज्याच्या घरी जुन्या फॉन्टातला मराठी मजकूर आहे, त्याने या दोन्हींचा विचार करण्याआधी आज त्याची प्रत काढावी.

जुन्या डिस्कचं काय, हे राहिलं होतं. ‘बदल के ले जाओ, पुरानी छोड़ जाओ’ अशी सवय दुकानांत आहे, असं मुलीने सांगितलं. दादाचा त्यावर ठाम नकार आहे. डिलीट केलेली फाइल पुसली जात नाही, तिची फक्त नोंद जाते. मजकूर तबकडीवर तसाच राहतो आणि कुणालाही परत काढता येतो. प्रती तपासून झाल्या की ती डिस्क यूएसबीच्या खोक्यात घालून मुलगी तिच्यावर एकदा आरपार शून्यं लिहिणार, मग ती अधिकृत ई-कचरा केंद्रात जाईल. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनी ई-कचऱ्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवरही टाकलेली आहे. तोवर ती दादाच्या टेबलाच्या खणात, नाव आणि तारीख लिहिलेल्या पाकिटात आहे.